पडद्याखालचे पाय

दहा रुपयांची गोष्ट आहे. ४ मार्च २०२५, मंगळवार, तिसरा रोजा. सकाळचे साडेअकरा वाजले असतील. पतसंस्थेत मी थकीत कर्जांची यादी जुळवत बसलो होतो आणि बघता बघता आकडे पाण्यात पडल्यासारखे हलायला लागले. सहाचा आठ दिसू लागला. मानेमागं गार घाम, बोटांना बारीक कंप. साखर उतरली की काय होतं, हे मला नोव्हेंबरपासून पाठ झालंय. ड्रॉवरमध्ये बिस्किटांचा पुडा होता. हात घातला की मिळाला असता. पण समोरच्या टेबलावर कॅशियरबाई बसल्या होत्या, आणि या बाईंनी व बाकीच्या सगळ्यांनी गेली वीस वर्षं रमजानच्या महिन्यात माझ्यासमोर डबा उघडलेला नाही. मागच्या खोलीत जाऊन जेवतात. चहासुद्धा जिन्यात उभं राहून पितात. किती वेळा म्हटलं, अहो, तुम्ही खुशाल खा, मला काही होत नाही. ऐकत नाहीत. त्या बाईंसमोर आता मी कुरकुर आवाज करत बिस्किट खाणार होतो का? यंदा माझा रोजा नाही, हे मी ऑफिसात कुणाला सांगितलेलंच नव्हतं. सांगू सांगू म्हणता दोन दिवस गेले होते.

म्हणून जिना उतरून रस्ता ओलांडला. टपरीवाले मामा बीडकडचे, गळ्यात माळ, आषाढीला पंधरा दिवस टपरी बंद ठेवून पायी जातात. "एक चहा, साखर जास्त टाका," मी म्हणालो. त्यांनी चिमट्यात धरलेलं पातेलं तसंच अधांतरी ठेवून माझ्याकडं बघितलं. "मोमीनसाहेब, रोजे लागले ना तुमचे?"

"साहेबांसाठी हवाय," मी म्हणालो. "पार्सल."

कुठून आलं तोंडात, देव जाणे. मामांनी कागदी ग्लासात चहा ओतला, त्यावर दुसरा ग्लास उपडा घातला आणि मी पुढं केलेली दहाची नोट हातानंच मागं सारली. "राहू द्या. रोजा धरून दुसऱ्याचा चहा न्यायला उतरलात. तेवढंच पुण्य आम्हालाबी." मी ती नोट परत खिशात घातली. वर आलो, जुनी लेजरं ठेवलेल्या खोलीत शिरलो, दार लोटलं आणि १९९८ सालच्या बचत खात्यांच्या कपाटाला पाठ टेकवून तो चहा तीन घोटांत संपवला. जीभ भाजली. पाच-दहा मिनिटांत सहाचा पुन्हा सहा दिसायला लागला. पण ते दहा रुपये महिनाभर माझ्या खिशात होते. नोट खर्चून गेली असेल कधीच, मी दहा रुपयांबद्दल बोलतोय.

खरं तर लपवण्यासारखं काही नव्हतं. आठ वर्षं डायबेटिस आहे, आधी गोळ्यांवर होता तेव्हा डॉक्टरांना विचारून, वेळा बदलून मी सगळे रोजे धरत आलो. मधे कधी सत्तरच्या खाली साखर गेली तर रोजा तिथंच सोडायचा, ही त्यांची अट. बोटाला सुई टोचून साखर बघितल्यानं रोजा तुटत नाही, हेही त्यांनाच मला सांगावं लागलं होतं. गेल्या नोव्हेंबरात दोनदा रात्री साखर उतरून मी पलंगावरून खाली आलो, इन्सुलिन आधीच चालू झालं होतं, आणि डॉक्टरबाईंनी फाइल मिटून सांगितलं, "यंदा नाही. तुमच्यातच सूट आहे ना आजाऱ्याला? मग मला कशाला विचारताय?" सूट आहेच. सूरह बकरात ज्या आयतींमध्ये रोजे फर्ज, म्हणजे बंधनकारक, केले, त्यांतच लगेच पुढं आहे, की जो आजारी असेल किंवा प्रवासात असेल त्यानं दुसऱ्या दिवसांत ती संख्या पुरी करावी. अल्लाहला तुमच्यासाठी सोपं हवंय, अवघड नको, हे वाक्यही तिथंच. मौलानांकडं गेलो तर त्यांनी माझ्याकडं न बघता आधी माझ्या बायकोला विचारलं, "औषध वेळेवर घेतात का?" मग म्हणाले, जीव धोक्यात घालून रोजा धरणं ही इबादत नव्हे, हट्ट आहे. फिदिया द्या, म्हणजे रोज्याबदली गरजवंताला धान्य. पुढं कधी तब्येत सुधारली तर हे रोजे कजा करावे, म्हणजे नंतर भरून काढावे लागतील, तेवढं ध्यानात ठेवा.

म्हणजे दवाखान्याचाही कागद होता आणि मशिदीचाही. तरी मी कपाटामागं उभा राहून चहा प्यालो.

रोज्याची एक गंमत आहे. नमाज दिसते. जकातीचा निदान हिशोब तरी असतो. हजला जाणाऱ्याला तर पोचवायला अर्धं गाव स्टेशनवर येतं. रोजा मात्र कुणाला दिसत नाही. बंद खोलीत तुम्ही, नळ आणि तहान. बाहेर आलात की ओठ पुसायचे, कोण म्हणणार आहे? म्हणूनच एका हदीसमध्ये, पैगंबरसाहेबांनी सांगितलेल्या वचनात, अल्लाह म्हणतो, की रोजा माझ्यासाठी आहे आणि त्याचा मोबदला मीच देईन. लहानपणी हे ऐकताना मला वाटायचं, बाकीच्या हिशोबाला कारकून नेमलेत, हे एकच खातं मालकानं स्वतःकडं ठेवलंय. हिशोबनीस झालो त्याचं मूळ कदाचित तिथं असेल. पण एक्कावन्न वर्षांचा होईपर्यंत या खात्याची दुसरी बाजू मला ठाऊक नव्हती. रोजा असणं कुणाला दिसत नसेल, रोजा नसणं मात्र सगळ्यांना दिसतं. चघळणारा जबडा दिसतो. ओला ओठ दिसतो. ड्रॉवर उघडल्याचा आवाज येतो.

वाससुद्धा येतो. हे कुणी सांगत नाही म्हणून लिहितो. दिवसभर पाणी पोटात गेलं नाही की दुपारी चारनंतर तोंडाला एक कडवट, शिळा वास येतो. असरच्या नमाजेला खांद्याला खांदा लावून रांगेत उभं राहिलं की तो सगळ्या मशिदीत भरून असतो. अल्लाहला हा वास कस्तुरीपेक्षा प्रिय आहे असं हदीसमध्ये आलंय आणि लहानपणी आम्ही पोरं एकमेकांच्या तोंडावर 'हा' करून, कस्तुरी घे, कस्तुरी घे, म्हणत पळायचो. यंदा पहिल्या शुक्रवारी मी असरला उभा राहिलो आणि लक्षात आलं, की सगळ्या रांगेत एकट्या माझ्या तोंडाला कांद्याच्या थालीपिठाचा वास येतोय. सलाम फिरवताना डावीकडच्या म्हाताऱ्याकडं तोंड वळवायचं होतं. मी ओठ घट्ट मिटून, मनातल्या मनात सलाम केला.

माझा पहिला रोजा १९८३ च्या जूनमधला, इचलकरंजीचा. आपला महिना चंद्राचा, वर्ष तीनशे चोपन्न दिवसांचं, त्यामुळं रमजान दर साली दहा-अकरा दिवस मागं सरकतो आणि तेहेतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. माझ्या वाट्याला पहिलाच आला तो मृगातला, दिवस सगळ्यांत मोठे तेव्हाचा. पहाटे साडेचारच्या आसपास सहर, म्हणजे रोज्याआधीच्या खाण्याची वेळ, संपायची आणि रोजा सोडायला सात वाजून जायचे. सहरला उठवायला डफ वाजवत फकीर यायचे, पण आमच्या गल्लीत त्यांची गरज नव्हती, कारण रात्रपाळीचे माग चालूच असायचे. १९०४ साली ज्या गावात पहिला यंत्रमाग आला, त्या गावात खडखडाट थांबला तरच माणसं दचकून जागी होतात. मी नऊ वर्षांचा. शाळा नुकतीच सुरू झालेली, नव्या वह्यांना खाकी कव्हरं, पायात पावसाळी चप्पल. अम्मीनं सहरला जबरदस्तीनं दोन भाकऱ्या आणि दहीभात चारला. संध्याकाळी रोजाकुशाई होती, म्हणजे पहिल्या रोज्याचा कौतुकसोहळा. नवा कुर्ता शिवलेला, मोगऱ्याचा हार सांगितलेला, मिरजेहून मावशी आलेली.

शाळा सुटल्यावर ओढ्याकाठच्या जांभळाखाली नेहमीसारखी पोरं जमली. रात्री पाऊस झालेला, खाली जांभळांचा सडा. मी एक उचललं, चड्डीला पुसलं, तोंडात टाकलं. दुसरं टाकलं. आणि दुसऱ्याची बी थुंकताना आठवलं. पोटात खड्डा पडला. आता, विसरून खाल्लं तर रोजा तुटत नाही. त्याला अल्लाहनंच खाऊ घातलं असं समजायचं आणि रोजा पुरा करायचा. हे मला पक्कं माहीत होतं, मदरशात शिकवलं होतं. घरी गेल्यावर अम्मीनं जीभ बघितली, जांभळी धम्मक, आणि तिचा चेहरा पडला. "अम्मी, भूल के खाया," मी म्हणालो, आणि तिनं मला असं जवळ ओढलं की तिच्या पदराचा कांदा-लसणाचा वास अजून येतो. अल्लाहनं माझ्या बाळाला जांभळं चारली, हे तिनं त्या संध्याकाळी आलेल्या प्रत्येक बाईला सांगितलं. हार पडला, कपाळावर हात फिरले, पाच-दहाच्या नोटा मिळाल्या. खजूर तोंडात घालताना सगळे माझ्याकडं बघत होते.

पहिली दोन जांभळं विसरून खाल्ली होती. नंतरची पाच आठवून.

का खाल्ली, हे मला आजही नीट सांगता येत नाही. दोन खाल्लीच आहेत, आता काय, असं काहीसं असावं. जीभ जांभळी झालीच आहे, दोनाची आणि साताची जीभ सारखीच दिसते. ते पाच मी कुणाला सांगितले नाहीत. अम्मी गेली तेव्हा तिच्या खात्यावर माझा पहिला रोजा पुरा जमा होता. तीच गोष्ट ती मरेपर्यंत माझ्या लेकीला सांगायची. २०१६ ला फिरून जूनमध्ये रमजान आला, लेकीचा पहिला रोजा झाला, तेव्हा सुद्धा अम्मीनं जांभळं आणायला लावली आणि मी ती आणून दिली.

अब्बा मागावर होते. बारा तासांची पाळी, पत्र्याचं शेड, आणि हवेत सतत कापसाची लव. भुवयांवर, केसांत, कानांच्या पाळ्यांवर पांढरं बसायचं. शेडमधून बाहेर येताना अब्बा एकदम म्हातारे दिसायचे आणि तोंड धुतलं की पुन्हा चाळिशीतले. ही लव घशात जायचीच. रोजा असताना गेली तर? त्यांनी एकदा मशिदीत विचारलं होतं. धूळ, पिठाची भुकटी, धूर, असं काही माणसाच्या इच्छेवाचून घशात गेलं तर रोज्याला बाध येत नाही, असं उत्तर मिळालं. अब्बांना याचा फार आनंद झाला होता. म्हणायचे, बारा तास कापूस खातो तरी माझा रोजा शाबूत. वजू करताना, म्हणजे नमाजेआधी हात-तोंड धुताना, गुळणी टाकली की मान खाली घालून ते शेवटचा थेंब गळेपर्यंत थांबायचे. आम्हाला वाटायचं, किती ही खबरदारी. आता वाटतं, पाणी तोंडात आहे एवढंच सुख ते लांबवत असतील.

दोऱ्यांचा एक किस्सा त्यांच्या आवडीचा होता. पहाटेचा पांढरा दोरा काळ्या दोऱ्यापासून वेगळा ओळखू येईपर्यंत खा-प्या, असं कुरआनात आहे. तर अदी नावाच्या एका सहाबींनी, म्हणजे पैगंबरसाहेबांच्या सोबत्यानं, खरोखरच एक पांढरा आणि एक काळा दोरा उशीखाली ठेवला आणि अंधारात उठून उठून बघत राहिले. सकाळी जाऊन पैगंबरसाहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, तुझी उशी भलतीच ऐसपैस दिसते! अरे, ते दोरे म्हणजे रात्रीचा काळोख आणि दिवसाचा उजेड. हे सांगून अब्बा स्वतःच हसायचे आणि म्हणायचे, त्यात त्यांचं काय चुकलं, दोरा म्हटल्यावर माणूस दोराच बघणार. दिवसाला चाळीस-पन्नास वेळा तुटका दोरा शोधून गाठ मारणाऱ्या माणसाचं मत होतं ते.

आणि आता त्या पडद्याचं. रमजानमध्ये आमच्या मोहल्ल्यातली हॉटेलं दिवसा बंद नसायची, तोंडावर पडदा सोडायची. आजारी, प्रवासी, म्हातारे, बिगरमुसलमान हमाल, कुणी ना कुणी खाणारं असतंच. कोपऱ्यावरच्या हॉटेलला मागावरच्या कोऱ्या कापडाचा पडदा होता, न धुतलेलं, खळीचा वास येणारं कापड, आणि ते जमिनीपासून हातभर वर असायचं. त्याखालून पाय दिसायचे. फक्त पाय. १९८५ च्या मे महिन्यात, सुट्टीत, आम्हा चार-पाच पोरांना दुसरा उद्योग नव्हता. रोजा धरलेला, खेळायची ताकद नाही, घरी गेलं की कुरआन वाचायला बसवतील. मग समोरच्या कट्ट्यावर बसून आम्ही पडद्याखाली वाकून चपला ओळखायचो. हा ट्रकवाला. ही टाचेची भेग फुलवाल्याची. आणि एकदा तारेनं शिवलेला अंगठा दिसला. ती कोल्हापुरी चप्पल मला पाठ होती. माझ्या चाचांची. मी ओरडलो. ओरडलो म्हणजे बोंब मारली. "रोजाखोर! रोजाखोर!" बाकीच्यांनी उचलून धरलं. पडद्याआड बशीवर कप ठेवल्याचा आवाज झाला आणि ते पाय एकदम मागं, बाकाखाली ओढले गेले.

ते पाय मागं गेलेले मी चाळीस वर्षं विसरलो होतो.

रात्री अब्बांना कळलं. मारलं नाही. एवढंच विचारलं, "तुला कुणी मोजायला ठेवलंय?" आणि हाताला धरून चाचांच्या घरी नेलं. चाचांना अल्सर होता. दर दोन तासांनी काहीतरी पोटात जायला हवं, नाहीतर रक्त पडायचं. घरी पोरं रोज्यात, बायको रोज्यात, त्यांच्यासमोर कसं खायचं म्हणून ते बिचारे पाव आणि दूध घ्यायला हॉटेलात जायचे. मी माफी मागितली. चाचा हसले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पोरगा हुशार आहे, चपलेवरून माणूस ओळखतो." त्यांनी ते मनापासून म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून ते त्या हॉटेलात दिसले नाहीत. नदीवेसकडं जातात असं कुणीतरी म्हणालं. तिकडं त्यांना कुणी ओळखत नव्हतं.

हे सगळं मला त्या मंगळवारी रात्री तरावीहमध्ये, रमजानातल्या रात्रीच्या लांब नमाजेत, आठवत होतं. नमाजेत असं आठवू नये, पण वीस रकातींत, नमाजेच्या वीस आवर्तनांत, माणसाचं मन कुठं कुठं जातं. आमचे हाफिज, कुरआन तोंडपाठ असलेले, रोज एका पाऱ्याहून, म्हणजे कुरआनाच्या तिसाव्या भागाहून, थोडं जास्त पढतात, सत्ताविसाव्या रात्रीपर्यंत कुरआन पुरा व्हावा म्हणून. आवाज गोड आहे, पंख्याचा वारा लागतो, पायांना रग लागते, आणि बारा-चौदाव्या रकातीला माझ्या डोक्यात एक वाक्य आलं. 'साखर जास्त टाका.' आमचे मॅनेजरसाहेब चहा बिनसाखरेचा घेतात. दिवसातून तीनदा. गेली आठ वर्षं तो चहा हेच मामा वर पाठवतात. बिनसाखरेचा म्हणून वेगळ्या छोट्या पातेल्यात करतात, पोऱ्यानं चुकून दुसरा नेला तर त्याला परत पिटाळतात.

मी सजद्यात होतो. कपाळ चटईला टेकलेलं, आणि कान तापलेले.

म्हणजे मामांना तेव्हाच कळलं होतं. की नव्हतं? एखाद्या दिवशी साहेबांना गोड प्यावंसं वाटलं असेल, असं मानायला जागा होती. गिऱ्हाइकांची गर्दी होती, त्यांचं लक्ष नसेल. पण पातेलं अधांतरी धरून ते जे बघत होते, ते आता पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर यायला लागलं. तोंडावर घाम आलेला, हात थरथरणारा, साखर जास्त मागणारा माणूस. त्यांच्या घरात मोठ्या भावाला डायबेटिस आहे, पाय कापावा लागला, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. मग ते पुण्याचं बोलणं? ते माझ्यासाठी होतं की शेजारी उभ्या असलेल्या दोन रिक्षावाल्यांसाठी? त्यातला एक आमच्याच मशिदीतला. जो दुसऱ्याचं उणं झाकतो त्याचं उणं अल्लाह झाकतो, असं आम्ही वाजमध्ये, म्हणजे प्रवचनात, ऐकतो आणि माना डोलावतो. आणि दुसरं एक ऐकतो, की ज्यानं रोज्यात खोटं बोलणं सोडलं नाही, त्याच्या खाणं-पिणं सोडण्याची अल्लाहला गरज नाही. मी खाणंही सोडलं नव्हतं आणि खोटंही. हिशोबाच्या भाषेत सांगायचं तर दोन्ही रकाने कोरे.

बायकोला सांगितलं. ती सहरची कणीक मळत होती. यंदाही सहरला मी उठतच होतो. पावणेपाचला गजर, ती आणि लेक जेवायच्या, मी नुसता चहा घेऊन शेजारी बसायचो, आणि अजान झाली की त्यांनी तोंड बंद करायचं, मी इन्सुलिनच्या वेळेची वाट बघायची. ती म्हणाली, "ऑफिसात सांगून टाका एकदाचं. आजार आहे, चोरी आहे का?" बरोबर आहे तिचं. दुसऱ्या दिवशी कॅशियरबाईंना सांगितलं. त्या एवढ्या हळहळल्या की मलाच त्यांची समजूत घालावी लागली. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे आता आम्ही इथं बसून डबा खाल्ला तर चालेल ना?" आणि लगेच जीभ चावली. वीस वर्षं मागच्या त्या कोंदट खोलीत जेवून कंटाळली होती बिचारी. त्या दिवसापासून अकरा वाजता त्या स्वतः माझ्या टेबलावर दोन खारकांची वाटी सरकवायच्या आणि कुणी यायच्या आत खा म्हणून डोळ्यांनी खुणावायच्या. म्हणजे लपवालपवी संपली नाही, त्यात एक माणूस वाढलं.

टपरीवर मात्र जाणं होईना. रोज जिन्यात येऊन विचार करायचो, दहा रुपये द्यायचेत. देताना काय म्हणायचं, इथं अडायचं. फिदियाचा हिशोब त्या मानानं सोपा. एका रोज्याला सुमारे पावणेदोन किलो गहू, किंवा त्याची किंमत, एका गरजवंताला. तीस धरले तर साडेबावन्न किलो. मी पहिल्याच आठवड्यात तीसचे पैसे बाजूला काढले. माझा अख्खा रमजान, ती तहान, तो वास, संध्याकाळी सहा चाळीसला खजूर आणि भिजवलेली डाळ समोर ठेवून घड्याळाकडं बघणं, सगळं मिळून एक पोतं आणि वर थोडे सुटे. कागदावर आकडा बघून जरा वाईट वाटलं. फार थोडा वाटला. पैसे ज्या बाईंना दिले त्यांनी मात्र दोनदा मोजले, पदराला गाठ मारली आणि म्हणाल्या, "पोरांना रोजे सोडायला फळं आणते." माझ्या न धरलेल्या रोज्यांवर दुसऱ्या कुणाचे रोजे सुटणार होते.

३० मार्चला पाडवा. रविवार, सणाचा दिवस, पण वर्षअखेरीमुळं आमची पतसंस्था अर्धा दिवस चालू. साहेब आले नव्हते, त्यांच्याकडं नव्या गाडीची पूजा होती. संध्याकाळी चंद्र दिसला तर दुसऱ्या दिवशी ईद, म्हणजे रोजे एकोणतीसच भरणार, आणि माझं पावणेदोन किलो गव्हाचं खातं जास्तीचं निघणार, हे मी लेजरच्या समासात लिहून बसलो होतो. अकराला खाली उतरलो. मामांनी टपरीच्या बांबूला छोटी गुढी बांधलेली, खणाच्या तुकड्यावर तांब्याऐवजी स्टीलचा पेला. गर्दी नव्हती. रस्त्यापलीकडं मशिदीतली दोन पोरं सायकलवर टेकून उभी होती.

मी वीसची नोट काढून बरणीवर ठेवली. "मागचे दहा राहिले होते," मी म्हणालो.

"कुठले?"

"तुम्हाला आठवतंय."

मामांनी नोट घेतली. दहा परत दिले नाहीत. कागदाच्या पुडीत कडुनिंबाची कोवळी पानं, गूळ, हरभऱ्याची डाळ बांधून माझ्या हातात दिली. "संध्याकाळी सोडताना घ्या," म्हणाले, जरा मोठ्यानं. मग छोटं पातेलं स्टोव्हवर चढवलं, आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "साहेबांना आज साखर किती?"

"बिनसाखरेचा," मी म्हणालो. "इथंच द्या."

त्यांनी काचेच्या ग्लासात दिला. मी बाकावर बसलो. मामा फडकं घेऊन बाहेर आले आणि माझ्यापुढं, रस्त्याकडं पाठ करून, आधीच पुसलेली फळी पुसायला लागले. त्यांचं धोतर, त्यामागं मी. चहा कडक होता, आलं जास्त झालं होतं. ती दोन पोरं वाकली असती तर त्यांना खाली माझे बूट दिसले असते. काळे, डाव्याची लेस सुटलेली. ती बांधायला मी खाली वाकलो नाही. पायही मागं घेतले नाहीत.